पहिलटकरणीचं दूध

माझ्या बापाचा हात दोनच ठिकाणी सफाईनं चालायचा, मागावर आणि मायच्या पाठीवर. आमच्या घरात हातमाग होता. साडीच्या काठाचं बारीक काम बापाइतकं आमच्या आळीत कुणाला जमत नसे, हेही खरंच. पण सत्तर सालानंतर त्याला मोतीबिंदू झाला. धागे दिसेनात, तुटायला लागले, आणि धागा तुटला की हातातला लाकडी धोटा मायवर जायचा. एकदा तिचं कपाळ फुटलं. म्हणून ऑपरेशनचं ठरलं तेव्हा बापापेक्षा आनंद मायलाच जास्त झाला.

"त्याले दिसाले लागलं का मार कमी होईन वं," ती मला म्हणाली. मी तेव्हा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी होते. बाळ दोन महिन्यांचं होतं.

एका डोळ्याचं ऑपरेशन सरकारी दवाखान्यात झालं. तेव्हा एकाच डोळ्याचं असलं तरी दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधत, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावत आणि माणसाला दिवसचे दिवस उताणं निजवत. पट्टीला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी दहादा बजावलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी बापाला झोप लागलेली पाहून माय भाकरी टाकायला घरी गेली. मी खाटेजवळ बसले, बाळ मांडीवर झोपलेलं.

बाप जागा झाला तो तळमळतच. "डोळा जळून राहिला वं, काहीतरी कर. नाही तं मी ओरबाडून काढतो." त्यानं खरंच ओरबाडला असता.

आमच्याकडे डोळे आले की पहिलटकरणीचं दूध घालत. लहानपणी एका शेजारणीनं माझ्या डोळ्यांत घातलं होतं, किती गार वाटलं होतं! मी भिंतीकडे तोंड केलं, वाटीत दूध काढलं, पट्टी हळूच उचलली आणि चार थेंब सोडले. तोंडातून शब्द काढला नाही. आपल्या छातीचं दूध बापाच्या डोळ्यात घालायचं, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"बरं वाटलं," बाप पुटपुटला. मला माय समजून बोलला, असं मी धरलं.

चौथ्या दिवशी पट्टी सोडली तर आत नुसता पू. डोळा फुगून बाहेर आलेला, आणि बाप गुरासारखा ओरडत होता. डॉक्टर आमच्यावर कडाडले, "डोळ्यात काय टाकलं?" माय खाटेला टेकून उभी होती. बापानं चाचपडत तिचे केस धरले. "हिनंच टाकलं!" आणि उशाजवळचा पितळी लोटा तिच्या तोंडावर हाणला, एकदा, दोनदा, तीनदा. दोघा वॉर्डबॉयनी त्याचे हात खाटेला बांधले तेव्हा थांबला. मायचे दोन दात फरशीवर पडले होते.

तिनं माझ्या ओल्या पोलक्याकडे पाहिलं आणि सगळं ओळखलं. "हो जी, डॉक्टरसाहेब," ती रक्त गिळत म्हणाली, "मीच टाकलं." चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर बाळाला छातीशी धरून गप्प उभा.

डोळा काढावा लागला. दुसऱ्या डोळ्याला बापानं कुणाला हात लावू दिला नाही, तोही हळूहळू गेला. माग बंद पडला, मार चालूच राहिला. "माहा डोळा खाल्ला हिनं," म्हणत तो अंदाजानं काठी फिरवायचा आणि माय दोन्ही हात तोंडापुढे धरायची. मी सासरहून यायची, पाहायची, रडायची, परत जायची. भेकड होते मी, दुसरं काय!

मायचं तेरावं झालं त्या दिवशी बापापुढे ताट ठेवलं आणि सांगून टाकलं. "बाबा, त्या दिवशी दूध मी टाकलं होतं."

तो जेवत राहिला. "मालूम आहे मले. दुधाचा वास आलता तवाच. तुह्या मायले काय त्या वयात दूध होतं?"

"मंग तिले काहून मारलं?"

"लेकुरवाळ्या पोरीवर हात कसा टाकू? ते तं बायको होती."

मी माफी मागायला आले होते. कोनाड्यात तोच लोटा होता, चेपलेला. मी तो उचलला. आवाज ऐकून बापानं दोन्ही हात तोंडापुढे धरले, अगदी माय धरायची तसे.

तरी मी मारला.