एका वर्षाने हुकलेली फायनल

जपानमधल्या विद्यापीठांच्या बास्केटबॉल फायनलमध्ये कोणत्या वर्षी कोण कोणाशी भिडलं, हे मला गाढ झोपेतून उठवून विचारा, मी सांगेन. निदान गेल्या हिवाळ्यापर्यंत मी हे छातीठोकपणे सांगत असे, ऐकणाऱ्याने विचारलेलं नसलं तरी.

पुण्याहून सॉफ्टवेअरच्या कामासाठी टोकियोला आलो, तिथल्या कोतो भागात घर घेतलं आणि मुलगी इथल्याच शाळेत जायला लागली. तिथे ती मिनी-बास्केट, म्हणजे लहान मुलांचं बास्केटबॉल, खेळू लागली. तिला विद्यापीठांचे सामने दाखवायला नेता नेता मीच जास्त अडकलो. जुनी माहितीपत्रकं जमवली, एक्सेलमध्ये तक्ता केला. विद्यापीठांची नावं कांजीत, म्हणजे जपानी चित्रलिपीत, असायची, ती मुलगी वाचायची. माझ्यासाठी ते सगळे जर्सीच्या रंगांनीच ओळखीचे होते: निळे, लाल, हिरवे. रोज जेवताना आमची परीक्षा चालायची.

"फायनल हरून पुढच्याच वर्षी त्याच टीमला कोणी हरवलं?" मी विचारायचो.

"आओ!" ती ओरडायची. आओ म्हणजे निळे. मी मराठीत विचारायचं आणि तिने जपानीत उत्तर द्यायचं, हे आमच्या घरात ठरल्यासारखंच आहे. बायको म्हणायची, आधी भाजी संपवा, मग काय ती फायनल खेळा.

अशात स्टेशनवर एक पोस्टर लागलं. आमच्या घराजवळच्या स्टेडियममध्ये सेमीफायनलच्या दिवशी, दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत प्रश्नमंजूषा होती. एक मूल आणि घरातलं एक मोठं माणूस अशी जोडी. प्रश्न जुन्या फायनलवरचे. जिंकणाऱ्या मुलाने दुसऱ्या दिवशी फायनलचा बॉल कोर्टवर घेऊन जायचा! मी पोस्टरसमोर अक्षरशः उडी मारली. मुलगी उडाली नाही. तिने ते पोस्टर दोनदा वाचलं.

तिच्या टीममध्ये ती सगळ्यांत बुटकी. बहुतेक सामने बेंचवर बसून बघायची, आणि कोर्टवर पाऊल टाकायला मिळालं तर तो दिवस सणाचा. आता ती आमच्या इमारतीच्या कॉरिडॉरमध्ये दोन्ही हातांत बॉल धरून ताठ मानेने चालायचा सराव करू लागली. टीममधल्या सगळ्या मुलींना सांगून मोकळीही झाली.

मी तयारीला लागलो. जपानमध्ये सरकारी फॉर्मवर वर्ष सम्राटाच्या कारकिर्दीवरून लिहितात. प्रश्न तसेही येतील, म्हणून मी तक्त्यात हेइसेई, म्हणजे आधीच्या सम्राटाच्या, कारकिर्दीचा एक जादा रकाना घातला. इसवी सनातून कारकीर्द सुरू झाली ते साल वजा केलं, सूत्र खालपर्यंत ओढलं, काम फत्ते.

"बाबा, हा रकाना चेक केलास?" तिने विचारलं होतं.

"वीस वर्षं कोड लिहितोय मी. आता वजाबाकी तू शिकवणार?"

ती बॉल उचलून कॉरिडॉरमध्ये निघून गेली. माझा आवाज असा चढला की घरात सगळेच गप्प बसतात.

सेमीफायनलच्या दिवशी आम्ही काय सुटलो होतो! पहिला प्रश्न, बरोबर. दुसरा, बरोबर. उत्तर पांढऱ्या फळ्यावर लिहायचं होतं, त्यामुळे मार्कर तिच्याकडे आणि तोंड माझ्याकडे. मी रंग सांगायचा, तिने सरसर कांजी काढायची. जोड्या एकेक करून गळत गेल्या. शेवटी उरलो आम्ही आणि एक आजोबा व त्यांची नात. आजोबा शांत बसलेले. मी मात्र दर उत्तराला मुठी आवळून नाचत होतो, आणि प्रेक्षक या नाचणाऱ्या भारतीयाला टाळ्या देत होते. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नसेल, बायको तिथे नव्हती म्हणून लिहितो.

शेवटचा प्रश्न. निवेदकाने हेइसेईमधलं एक वर्ष सांगितलं. फायनल कोणाकोणात झाली?

माझ्या डोळ्यांसमोर तक्त्यातली ओळ लख्ख उभी राहिली. "निळे आणि हिरवे! लिही!"

तिने निळ्यांचं नाव लिहून पुढचं सुरूही केलं होतं. हात थांबला. "बाबा, नक्की?"

"नक्की म्हणजे काय! लिही पटकन!"

तिने लिहिलेलं बाहीने थोडं पुसलं आणि पुन्हा लिहिलं. फळे वर झाले. निवेदकाने वाचून दाखवलं: आजोबांच्या फळ्यावर निळे आणि लाल होते.

घंटा त्यांच्यासाठी वाजली. आमची फायनल झाली होती खरी, पण पुढच्या वर्षी. आणि तिथे उभ्या उभ्या माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कारकिर्दीचं पहिलं वर्ष म्हणजे एक. मी ते शून्य धरलं होतं. मोजणी शून्यापासून करायची ही आम्हा प्रोग्रामर लोकांची खोड, आणि त्या सवयीमुळे माझा अख्खा रकाना एका वर्षाने सरकला होता. इथे शाळेत जाणाऱ्या कुठल्याही मुलाला हे ठाऊक असतं.

त्या नातीला टाळ्या मिळाल्या. माझ्या मुलीनेही जोरात वाजवल्या.

बाहेर सायकली सोडवताना मी विचारलं, "तू आधी लाल लिहीत होतीस ना?"

"हाय." जपानीत हो.

"मग पुसलंस कशाला? माझ्यावर ओरडायचंस!"

तिने हेल्मेटचा पट्टा लावला. मग मराठीत म्हणाली, "तू एवढा खूश होतास ना, बाबा."

समोरच्या रस्त्यावरचा सिग्नल हिरवा झाला, ती सायकलवरून पुढे गेली. सिग्नल आणखी एकदा लाल होऊन हिरवा झाला, तरी मी तिथेच उभा होतो.