उंबरठा मॅन्युअलमध्ये नव्हता

पूनम सागर कॉम्प्लेक्समध्ये चहाच्या फ्रँचायझीसाठी आम्ही गाळा भाड्याने घेतला तेव्हा कंपनीने हे एवढं जाडं मॅन्युअल पाठवलं. भिंतीचा रंग, कपाचा रंग, फळी किती उंचावर, सगळं त्यात. मी सगळं वाचलं. दोनदा! बाबांना व्हॉट्सॲपवर पाठवलं, तर त्यांनी अंगठा पाठवला. न उघडता.

या दुकानासाठी बाबांनी इतक्या वर्षांची नोकरी सोडलेली. शुक्रवारचा मुहूर्त काढलेला, रत्नागिरीहून काका निघालेसुद्धा. पण आधी बुधवारी कंपनीची मॅडम येऊन गाळा पास करणार. नापास झालो तर पुढची तपासणी पंधरा दिवसांनी. म्हणजे मुहूर्त गेला.

मंगळवारी मी बोर्ड आणायला गेलो. परत येऊन बघतो तर दारात काळ्या दगडाचा उंबरठा. चांगला दोन इंच वर. हळदकुंकू, फूल, सगळं झालेलं.

"बाबा, हे काय?"

"उंबरठा."

"ते दिसतंय. पण का?"

"मग लक्ष्मी कशी येणार? शटरखालून सरपटत?"

यावर मॅन्युअलमध्ये काहीच नव्हतं.

बुधवारी मॅडम आल्या आणि पहिल्याच पावलाला ठेचकाळल्या. हातातला टॅबलेट पडता पडता वाचला.

"अंकल, ये क्या है?"

"हमारे में लगता है, मॅडम."

"मॅन्युअल में नहीं है. दूध की ट्रॉली सीधी अंदर आनी चाहिए."

"मॅन्युअल में तो मैं भी नहीं हूँ," बाबा म्हणाले.

मॅडमनी खरंच उघडून बघितलं. "ओनर. पेज चार."

चार वाजता परत येते, तोपर्यंत काढा, असं सांगून त्या गेल्या. दुकानात काम करणाऱ्या मिस्त्रीने हातोडा उचलला.

"हात लावायचा नाय! पूजा झालीये त्याची." बाबा स्टूल घेऊन उंबरठ्यासमोर बसले. दोन वाजले. तीन वाजले. बाबा हलेनात. शेवटी मी आईला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"एवढं काय त्यात?" आई म्हणाली. "गणपती उठवतो तसा उठवा. अक्षता टाका, जरा हलवा, मग काढा. तोडू नका फक्त."

बाबांनी समोरच्या किराणावाल्याकडून मूठभर तांदूळ आणले, कुंकू लावून उंबरठ्यावर टाकले, हाताने दगड जरासा हलवला. 'पुढच्या वर्षी लवकर या' एवढंच म्हणायचं राहिलं. सिमेंट अजून कच्चं होतं, मिस्त्रीने अख्खा दगड उचलला. आता तो आमच्या गॅलरीत आहे, तुळशीखाली.

चारला मॅडम आल्या. बाबा पुढे झाले आणि सपाट दारात पाय चांगला उचलून आत गेले. मागोमाग मॅडमनीही उचलला.

आत आल्यावर त्यांनी वळून जमिनीकडे बघितलं, मग बाबांकडे.

"पास," म्हणाल्या.