‘असते तर’ शिकवणाऱ्या कुमुदबाई

कुमुदबाई कोठारे यांची आणि माझी पहिली भेट परळच्या एका मंडळाच्या खोलीत झाली. मुलीच्या शाळेतल्या पालकसभेत सगळे इंग्रजीत बोलत असताना मी तासभर नुसती मान हलवून आले होते. त्याच आठवड्यात, बायकांसाठी दुपारचा मोफत इंग्रजी वर्ग आहे असे कळले आणि मी लालबागहून चालत तिथे गेले. इस्त्रीची सुती साडी नेसलेल्या बाई फळ्यापाशी उभ्या होत्या. नाव वगैरे काही न विचारता त्यांनी मराठीतच प्रश्न केला, “आज इथे आला नसतात, तर आत्ता काय करत असतात?”

“सासूबाईंबरोबर वाल सोलत बसले असते,” मी म्हणाले.

“मग अवघड वाक्य तुम्हाला येतंच आहे! फक्त ते इंग्रजीत म्हणायचं राहिलंय.”

बाईंच्या शिकवण्याचे सारे मर्म मला याच बोलण्यात दिसते. ठाकूरद्वारच्या जुन्या मुंबईकर घराण्यात वाढलेल्या बाईंनी शाळेत तीस-बत्तीस वर्षे इंग्रजी शिकवले. निवृत्तीनंतर त्या आमच्यासारख्यांकडे वळल्या. ‘गेले तर’, ‘गेले असते तर’ हा फरक आम्ही घरात दिवसभर बोलतोच, तो वेगळा शिकवावा लागत नाही, असे त्या म्हणत. दादरच्या हिंदमाता बाजारात साडीच्या दुकानात काम करणाऱ्या आमच्या वर्गातल्या सरोजला त्यांनी ‘इफ आय वर यू’ शिकवले. मी तुमच्या जागी असते तर हिरवी घेतली असती, हे सरोज परप्रांतीय गिऱ्हाइकांना इतके मनापासून सांगू लागली की दुकानात हिरव्या साड्या उरेनात. मात्र ‘इफ’च्या पाठोपाठ कोणी ‘वुड’ घातले, की बाईंचा डस्टर टेबलावर आपटलाच म्हणून समजा. उशिरा येणारीची तर त्या भर वर्गात हजेरी घेत. दोन-तीनदा ती माझीही घेतली गेली आहे.

परंतु बाई खऱ्या कळल्या त्या एका दुपारी. माझे यजमान मालवाहू जहाजावर फिटर होते. वर्गाला निघायच्या तयारीत असताना माझे दीर फोन हातात घेऊन आत आले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. जहाज कंपनीकडून दोन ओळींचा इंग्रजी निरोप आला होता. डेकवर दोरखंड तुटून अपघात झाला होता. पुढच्या ओळीत ‘परब’ हे यजमानांचे नाव होते.

“वहिनी,” दीर कसेबसे म्हणाले, “यात ‘नॉट सर्व्हाइव्हड’ लिहिलंय.”

यजमानांचा फोन लागत नव्हता. मी दिरांच्या हातातला फोन घेतला आणि चपला न घालताच वर्गाकडे धावले. मागून सासूबाई आणि दीर. बाईंनी शिकवणे थांबवले, मला खुर्चीत बसवले आणि ते वाक्य मोठ्याने वाचले : “हॅड ही बीन ऑन डेक, ही वुड नॉट हॅव सर्व्हाइव्हड.”

त्यांनी ते पुन्हा एकदा मनाशी वाचले. मग माझे दोन्ही हात धरले. एरवी आम्हाला ‘अहो’ म्हणणाऱ्या बाई त्या दिवशी पहिल्यांदाच म्हणाल्या, “सुनीता, अगं रडू नकोस. यात ‘इफ’ आहे, फक्त दिसत नाहीये. ‘हॅड’ वाक्याच्या सुरुवातीला आला की ‘इफ’ गळतो. ते डेकवर असते, तर वाचले नसते. म्हणजे ते डेकवर नव्हतेच! ते जिवंत आहेत!”

सासूबाई मालवणच्या. मुलगा वाचला यावर त्यांचा विश्वास बसेना. “बाये, तुज्या वाचण्यात चूक नाय मां? माझो झिल जिवंत आसा मां?”

दुसऱ्या कोणाला राग आला असता. बाई म्हणाल्या, “आई, व्याकरणावर माझा विश्वास आहे, पण लिहिणाऱ्यावर नाही. थांबा, विचारूनच घेऊ.” त्यांनी तिथूनच कंपनीत फोन लावला. तीन जणांनी तो एकमेकांकडे फिरवला, तरी बाईंनी तो सोडला नाही. शेवटी एका अधिकाऱ्याने सांगितले की परब यांना ताप होता, अपघाताच्या वेळी ते खाली केबिनमध्ये झोपले होते आणि त्यांना खरचटलेही नाही. एवढे ऐकून बाईंनी त्या अधिकाऱ्यालाही सुनावले, “घरच्यांना कळवताना ‘ही इज सेफ’ हे तीन शब्द आधी लिहीत चला.”

वर्गात टाळ्यांचा एकच कडकडाट झाला. सासूबाईंनी बाईंना असे काही कवटाळले की त्या कडक इस्त्रीची पार वाट लागली. संध्याकाळी यजमानांचा फोन आला तेव्हा बाई आमच्याच घरी, आमच्या खोलीतल्या खाटेवर, सासूबाईंच्या हातचा शिरा खात बसल्या होत्या.

पुढच्या तासाला त्यांना हीच वाक्यरचना शिकवायची होती. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारले, “तुला त्रास नाही ना होणार?” आणि उदाहरण घेतले ते सरोजच्या दुकानातले : काल आला असतात, तर हिरवी मिळाली असती. सगळ्या हसल्या. सर्वांत मोठ्याने मी हसले. आज त्याच वर्गातल्या नव्या मुलींना मी पहिले तास शिकवते, तो धीर मला त्या दिवसांनी दिला.

बाईंना आता पंचाहत्तर पूर्ण होत आहेत. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर आम्ही वर्ग तळमजल्यावर आणला, तर ‘मला म्हातारी ठरवता का’ म्हणून दोन दिवस अबोला! माझे यजमान जहाज सोडून घरी आले आहेत आणि गेल्या महिन्यापासून, बायकांच्या वर्गात एकटेच पुरुष म्हणून, पहिल्या बाकावर बसून बाईंची बोलणी खात आहेत. जगभरची बंदरे पाहिलेला हा माणूस ‘इफ’पुढे ‘वुड’ घालायचे काही थांबवत नाही. बाईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, ही आम्हा सर्वांची प्रार्थना आहेच. आमच्या यांची प्रगती पाहता बाईंना ते लागणारही आहे.