कौतिकआक्काची बोली

कौतिकआक्का कामावर कुठल्याही गोष्टीचं खरं नाव घेत नसे. शेठला ती जावई म्हणायची. का, तर तो येतो, लोडाला टेकतो, चहा पितो आणि त्याला कुणी काही बोलू शकत नाही. कात्रीनं साडीला भोक पडलं तर 'पोळी करपली'. गाठोड्यांच्या आड कुणी घटकाभर डोळा मिटला तर 'भाकरी झाकली'. पहिल्या दिवशी मला वाटलं, या बायकांना काम सोडून स्वयंपाकाचंच पडलंय. दुपारी कुणीतरी म्हणालं, "जावई जिन्यात आहेत," आणि सगळ्या जणी माना खाली घालून कापायला लागल्या, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

पर्वत पाटियाजवळ एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आमचं खातं होतं. सुरतेत कारखान्याला खातंच म्हणतात. साडीच्या मागच्या बाजूला जे धागे लोंबतात, ते छोट्या कात्रीनं कापून साडी साफ करायची, हे काम. बायका बहुतेक खानदेशातल्या, उधन्यात राहणाऱ्या. मी परभणीकडची, त्यांची अहिराणी मला निम्मीच कळायची. शेठला मात्र इतक्या वर्षांत ती चांगली कळायला लागली होती, म्हणून आक्कानं ही दुसरी बोली काढली. तिला तिचा भारी अभिमान. नवी बाई आली की शेजारी बसवून शिकवायची आणि चुकलं की टपली मारायची. "व माय, असं उघडं बोलशी तर जावई बी समजी जाई," म्हणायची.

सगळ्यात जपून वापरायचे शब्द होते 'डाळ भिजली'. म्हणजे एखादीला दिवस गेले. अशी बाई दिसली की शेठ तिला घरी बसवायचा. जिन्यात पडली-बिडली तर कोण निस्तरणार, म्हणायचा. आणि एकदा घरी बसलेल्या बाईची जागा लगेच दुसरीला जायची. म्हणून डाळ भिजली की बायका तिला भिंतीकडेला बसवत, मांडीवर साड्यांचा ढीग ठेवत, आणि तिची गाठोडी बाकीच्या जणी जिन्यावरून वाहत. माझ्या घराशेजारची सिंधू अशीच सातव्या महिन्यापर्यंत टिकली होती, आणि बाळंतपणानंतर जागा रिकामी झाली तशी परत आली होती. ही सगळी युक्ती आक्काचीच.

माझी डाळ भिजली तेही आक्कानंच आधी ओळखलं, नवऱ्याला कळायच्या आत. मी चहा नको म्हटलं, तर तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि माझ्या कपातला चहा स्वतः पिऊन टाकला. मी रडायलाच लागले. नवऱ्याचे लूम बंद पडले होते, घर माझ्या कात्रीवर चाललं होतं. हे काम गेलं की बोऱ्याबिस्तरा गुंडाळून गावाला परत जायचं, हे ठरलेलंच. आक्का म्हणाली, "तू आते रडू नको. मी शे ना." त्या शब्दांवर मी डोळे झाकून विसंबले. दुसऱ्या दिवसापासून माझी गाठोडी ती स्वतः वाहायला लागली. पन्नाशीची बाई, गुडघे धरलेले, तरी जिना चढायची. सख्ख्या बहिणीनं केलं नसतं एवढं तिनं केलं, ते मी आजही नाकारत नाही.

त्याच सुमारास आमच्यावर देखरेख करणारी बाई काम सोडून मुलाकडे गेली. दारापाशी तिचं स्टूल रिकामं झालं. स्टुलावरच्या बाईला ना गाठोडी उचलायची, ना कात्री धरायची. जाता-येता आक्काची नजर तिकडे जायची. आम्ही चिडवायचो, "काय आक्का, मुहूर्त कधीचा?" ती नुसती हसायची.

एका दुपारी शेठ आला. जावई जिन्यात असल्याचं त्या दिवशी कुणी सांगितलं नाही. तो थेट भिंतीपाशी माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि गुजरातीत म्हणाला, "केम बेन, दाळ पलळी गई?" काय बाई, डाळ भिजली का. मग बाकीच्यांकडे वळून त्यानं भाकरीचं विचारलं, पोळीचं विचारलं, आणि स्वतःला जावई म्हणवून घेत पोट धरून हसला. खोलीतल्या कात्र्या थांबल्या. एकच चालू होती. आक्का मान खाली घालून धागे कापत होती.

मी तिच्याकडे बघत राहिले. आता ती काहीतरी बोलेल, असं मला वाटत होतं. शेवटी शेठनं ढीग बाजूला करायला सांगितला, तशी मी उठले आणि चपला घातल्या. दुसऱ्या दिवशी आक्का स्टुलावर बसली, ते सिंधूनं येऊन सांगितलं.

काम गेल्याचं दुःख होतंच. पण काम कुणाचंही जातं. माझ्या पोटातली गोष्ट आमच्याच शब्दांत गुंडाळून तिनं त्याच्या हातात दिली, हे मला आजतागायत पचलेलं नाही. 'हिला दिवस गेलेत' एवढंच सांगितलं असतंस, बाई, तरी स्टूल मिळालंच असतं. सगळी बोली कशाला देऊन आलीस?

आमचं गावाला जाणं टळलं, नवऱ्यानं केळ्यांची लारी, म्हणजे हातगाडी, लावली. मुलगी झाली, शाळेत जायला लागली. खात्यात काय चाललंय ते सिंधूकडून कळायचं. बायकांनी हळूहळू नवे शब्द काढले होते. त्यातले काही तिनं मला सांगितले, काही नाही सांगितले.

पुढे आक्का आजारी पडली आणि भेस्तानला लेकाकडे राहायला गेली. सिंधूनं फारच गळ घातली म्हणून मी भेटायला गेले. आक्का खाटेवर पडून होती, अगदी चिपाड झालेली. माफी वगैरे तिनं मागितली नाही. मुलीचं नाव विचारलं. मग सिंधू पाणी आणायला आत गेली, तेव्हा माझा हात धरून हळूच म्हणाली, "खरं सांग माले. त्यासनी नवी बोली काढी ना? तिन्हामा त्या माले काय म्हनतस?"

मी एरवी तिला 'तू' म्हणायचे. त्या दिवशी तोंडातून 'तुम्ही' निघालं.

"काहीच नाही म्हणत," मी म्हणाले. "तुम्ही आलात की गप्प बसायच्या, एवढंच."

तिला ते खरं वाटेना. माझा हात तिनं सोडला नाही. "एखादा शब्द तर व्हईच," म्हणाली. "वाईट व्हई तरी चाली. सांग."

सिंधूनं सांगितलेलं सगळं मी खरंच आठवून पाहिलं. नव्हता.