कस्तुराबाईंच्या ओट्यावरचं वायफाय

कस्तुराबाईंची सगळी हयात चिंचवडच्या एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये गेली. लग्न करून धाराशिवकडून आल्या. नवरा गेल्यावर एकटीनं पोरीला, मैत्रीला, शिकवलं आणि कासारवाडीत दोन खोल्या उभ्या केल्या. मैत्री आता आयटीत लागली होती. काम घरूनच, म्हणून इंटरनेट घेतलं.

तेव्हापासून ओट्यावर माणसं टेकायला लागली. पार्सलवाले, कॅबवाले, माना खाली, बोटं मोबाइलवर. शेजारची रंभा बोललीच, "घरात लग्नाची पोरगी, अन् दारात ही पोरं!" ते बाईंना झोंबलं. त्या खराटा घेऊनच बाहेर आल्या.

"काय रे, इथं काय ठेवलंय तुमचं?"

रणजीत नावाचा पार्सलवाला चटकन उठला. "मावशी, इथं वायफाय मिळतं. तुमच्याच घरातून येतंय की."

मैत्रीनं बघितलं तर खरंच. इंटरनेट कंपनीनं त्यांच्याच राउटरमधून येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी दुसरं नेटवर्क सोडलं होतं. तिनं कंपनीला फोन लावला.

"तुमचा स्पीड कमी होत नाही, मॅडम. करारात आहे ते," पलीकडून उत्तर आलं.

बाईंनी फोन ओढून घेतला. "डबा माझ्या भिंतीला, लाईट माझी, अन् बोलणी खाती माझी पोरगी. मला इचारलं व्हतं का? बंद करा ते."

पुन्हा एकदा फोन करावा लागला, पण बंद झालं. ओटा रिकामा झाला. रंभाही गप्प बसली.

मग एका दुपारी रणजीतनं दार वाजवलं. चाकणच्या कंपनीतलं त्याचं कंत्राट संपलं होतं, म्हणून तो पार्सलं टाकत होता. आज नव्या नोकरीची मुलाखत होती, मोबाइलवर. खोलीवर रेंज नव्हती.

"मावशी, थोडा वेळ बसू का?"

समोर रंभा दारातच उभी होती. बाईंनी तिच्याकडे बघितलं आणि तिला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "ये आत. दार उघडंच राहू दे."

मैत्रीनं पासवर्ड घालून दिला. बाईंनी पंख्याखाली खुर्ची सरकवली, चढवलेला कुकर उतरवला आणि मुलाखत संपेपर्यंत स्वयंपाकघरात हूं की चूं केलं नाही.

ती नोकरी काही लागली नाही. पोरापेक्षा बाईंच्याच जिवाला जास्त लागलं. "दुसरीकडं बोलावतील तवा हितंच ये," त्यांनी बजावलं.

तो आला. तिसऱ्या खेपेला चाकणलाच काम लागलं. आता तो कंपनीच्या बसनं जातो, त्यामुळं फारसा दिसत नाही.