दाराला लावलेल्या वाकळा

सांगोल्याच्या स्टँडवर कंडक्टर माझ्या गाठोड्याकडं असा बघत होता, जसं काही आत शेळी दडवली आहे. "काय हाय यात?" त्यानं विचारलं. "वाकळा," आई म्हणाली. त्यानं बोट खुपसून बघितलं तेव्हा तिनं त्याचा हात झटकला. सुमे, तू तेव्हा आईचा पदर धरून उभी होतीस, आणि बहीण चालली म्हणून रडायचं सोडून माझ्या नव्या चपलांकडं बघत होतीस. गाडी हलली तशी आई खिडकीशी आली. "फट दिसली की वाकळ लाव, आन् माणूस दिसलं की तोंड मिट. तितं कोन कुनाचं न्हाय." सोलापूरला मी हा एवढाच उपदेश घेऊन गेले.

तुझे दाजी तेव्हा गिरणीत नुकतेच लागले होते. आमची खोली पत्र्याची, आणि पत्रा नि भिंत यांच्यामध्ये हात जाईल एवढी फट. सोलापूरला कसली आलीय थंडी, असं गावाकडचे म्हणतात. त्यांनी पौषात पत्र्याखाली झोपून बघावं. एक वाकळ मी फटीला ठोकली, एक दाराला आतून टांगली, उरलेली दोघांत. तिच्यात आजीची लुगडी होती, तुझा बाळपणीचा परकर होता, अण्णांचं धोतर होतं. सगळं घर पांघरून झोपल्यासारखं वाटायचं. तरी पहाटे पाय गार पडायचे, आणि मग रडू यायचं. थंडीनं रडते असं मी दाजींना सांगायचे.

चाळीतल्या माणसांवर मी काही विश्वास टाकला नव्हता. बहुतेक घरं विणकरांची, आपसात तेलुगू बोलणारी. दोन बायका हसल्या की मला वाटायचं, माझ्यावरच. समोरच्या नरसम्माचा तर मला धसकाच होता. तिचा नवरा चादरी विणायचा आणि ती उंबऱ्यात बसून आल्यागेल्याची नोंद डोळ्यांनी ठेवायची. त्या चाळीत दार दिवसा दोनच कारणांनी लागायचं, आंघोळ नाहीतर भांडण. माझं थंडीसाठी लागायचं, ते कुणाला पटत नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात मी बाळंत झाले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण दुष्काळ होता, टँकर आला तर पाणी. बाळंतिणीची धुणी कशानं धुणार? म्हणून आईच आली, आणखी दोन वाकळा आणि कडुलिंबाचा डहाळा घेऊन. तुला अण्णांजवळ ठेवलं होतं. आईनं आल्या आल्या सगळ्या फटी बुजवल्या, दाराची वाकळ दुहेरी केली, शेगडीवर ओवा टाकून धुरी केली. भर दुपारी चिमणी लावावी लागे. डहाळा बाहेर चौकटीला खोचला, आपल्याकडं बाळ झालं की खोचतात तसा.

नरसम्मा दुसऱ्याच दिवशी दारात. "बाळ दाखवा की."

"झोपलंय," आई वाकळेआडून म्हणाली.

उद्याही झोपलंय, परवाही झोपलंय. "किती झोपतंय ओ?" नरसम्मानं विचारलं. आईनं मला हळूच सांगितलं, "लई चौकशी करती. नजर बरी न्हाय तिची." मी मान डोलावली. मलाही तसंच वाटत होतं.

मग नळावर एक गंमत झाली. आई गेली की बायका बाजूला व्हायच्या, पहिला नंबर तिला. आईला वाटलं, म्हातारीचा मान ठेवतात. दोन दिवसांनी तिच्या लक्षात आलं की तिच्या घागरीला कुणी आपली घागर लागू देत नाही. "आपल्याला काय समजत्यात या?" म्हणत ती घरी आली आणि वाकळेला आणखी एक खिळा मारला.

त्या खिळ्याचा काही उपयोग झाला नाही. एका सकाळी लस टोचणारी नर्स आणि एक साहेब दाराशी उभे राहिले. मागं सगळी चाळ. "आत देवीचा रोगी दडवलाय अशी खबर आहे. दाखवा, नाहीतर सगळ्यांना दवाखान्यात न्यावं लागेल."

आई वाकळेपुढं हात पसरून उभी राहिली. "हितं कोन आजारी न्हाय. बाळंतीण हाय."

"मग कडुलिंब कशाला लावलाय?"

तेव्हा कुठं उजेड पडला. देवी आलेल्या घरालाही कडुलिंबच लावतात, हे काय आईला ठाऊक नव्हतं? पण तिच्या डोक्यात नातू होता, दुसरं काही शिरतच नव्हतं. बंद दार, धूर, डहाळा. चाळीनं दोनात दोन मिळवून चार केले होते. ओल्या अंगाचं लेकरू घेऊन देवीच्या रोग्यांत जायचं? तिथून ते परत आलं असतं का?

मी उठले आणि दाराची वाकळ ओढून काढली. आईचा खिळाही निघाला. बाळाची सगळी कापडं सोडली आणि त्याला उन्हात धरलं. नर्सनं तळहात बघितले, तळपाय बघितले. पोरगं बोंबलत होतं, अंगावर एक पुटकुळी नाही. "लेकराला उघडं पाडलंस," आई म्हणाली आणि त्याला पदराखाली घेतलं.

माणसं पांगली तरी नरसम्मा तिथंच. "मीच सांगितलं," ती म्हणाली. "माझा थोरला असाच गेला. सासू दार लावून बसली होती. कुणाला बोलावलं नाही." मला तिचा संताप आला होता, तो गेला असं नाही.

आईनं अख्ख्या चाळीच्या नावानं दृष्ट काढायला घेतली. मिरच्या कमी पडल्या, त्या नरसम्मानं दिल्या. आईनं आधी वास घेऊन बघितला, मग ओवाळल्या. दुसऱ्या दिवशी नरसम्मा चादरीच्या सुताचे गुंते घेऊन आली आणि पत्र्याची फट काठीनं ठासून भरली. बारा वर्षं आम्ही समोरासमोर राहिलो, रोज कुरकुरत.

आता मी पुण्यात, त्याच उघड्या पडलेल्या पोराच्या फ्लॅटमध्ये. काचेच्या खिडक्या, कुठून वारं म्हणून येत नाही. गेल्या थंडीत पोरगं-सून टूरला गेली होती आणि मी तापानं पडले. दार बंद, बाहेर पेपर साठत गेले. बरी होऊन खाली निघाले तर समोरच्या फ्लॅटमधली बाई लिफ्टमध्ये म्हणाली, "आँटी, तुम्ही इथंच राहता?"

म्हणून सुमे, आणि गाव सोडून कुठं कुठं गेलेल्या सगळ्यांनो, मला कुणी घर कुठलं विचारलं की मी सांगोला म्हणत नाही, पुणंही म्हणत नाही. ती पत्र्याची खोली सांगते. तिथं माझं दार चार दिवस उघडलं नाही, तर समोरच्या बाईनं सरकारी माणसं आणून उभी केली होती.