डेगू, चाचा आणि मी चढलेलं स्टूल

इथे अमीनाबादच्या बाजारात पिंजऱ्यांच्या दुकानात एक चाचा बसतात, नाव अजून विचारलं नाही. लेकीला पाळायला डेगू हवा म्हणून गेलो, आणि डेगू म्हणजे शेपटीला झुपका असलेला उंदीरच निघाला, मग काय, लेकीला खाली सोडून मी त्यांच्या स्टुलावर चढले, वरूनच हात जोडले, बाप्पाचं वाहन ना ते, आणि पर्समधला प्रसादाचा मोदक पुढे केला, म्हणजे तिथेच थांबेल.

चाचांनी मांडीवरच्या डेगूसमोर तळहात आडवा धरला. "मीठा नहीं बहनजी, बीमार पड़ेगा."

डेगू त्यांच्या कुर्त्याचं बटण कुरतडत होता, ते कुरतडू देत होते.

मी विचारलं, "चाचा, घर में रखने लायक है ना?"

"बच्ची तो रख लेगी. आप नीचे उतर आइए, तब दो दूँगा. अकेला ये उदास रहता है."

आता दर आठवड्याला जातो. मी दिसले की चाचा आधी स्टूल पुसतात. लेक विचारते, "मम्मा, आज उतरोगी?"

परवा मी एक पाय जमिनीवर टेकवला. चाचा पिंजऱ्यातल्या दोन डेगूंना हळूच म्हणाले, "लो, आधी बहनजी तो आ गईं."